भूत काल्पनिक, पण दीर खरे

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी शाळेत शिक्षिका आहे, वय 44. अकरा वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही घरचे सात जण सह्याद्रीतल्या एका गडावर गेलो होतो. मी, नवरा, आमचा मुलगा, धाकटे दीर, जाऊबाई, त्यांची लेक आणि सासरे. दीर कॉलेजपासून ट्रेक करणारे, त्यामुळे गावातून वाटाड्या घेतला नाही. निघायला उशीर झाला, पठारावर धुकं उतरलं आणि वाट चुकली. रात्र एका कातळाच्या आडोशाला काढली. मध्यरात्री दीर वाट शोधायला एकटेच खाली गेले. ते नसताना सासरे उठायला गेले, घसरले, खुब्याचं हाड मोडलं. तासाभराने दीर परत आले. उजाडल्यावर गावकऱ्यांनी शोधून सासऱ्यांना घोंगडीच्या झोळीतून खाली आणलं. ते पुन्हा धड चालले नाहीत आणि दोन वर्षांनी गेले. घरात त्या रात्रीविषयी कुणी बोलत नाही.

आता मी त्यावर भयकादंबरी लिहिली आहे, माझी पहिलीच. नाव ‘आठवा’. सात जण धुक्यात एकमेकांचे हात धरून चालतात आणि मोजलं की आठ भरतात. सकाळी सातच खाली येतात, पण घरी आलेले आजोबा हे आजोबा नाहीत. खऱ्या आजोबांना धाकट्या मुलाने वर सोडून दिलेलं असतं. एका प्रकाशकाने ती स्वीकारली आहे. मुखपृष्ठावर ‘सत्य घटनेवर आधारित’ छापू म्हणतात, शिवाय काही प्रती मीच विकत घ्याव्यात अशी अट आहे. पुतणीने वाचली, तिला प्रचंड आवडली. तिच्या मोबाइलवरून जाऊबाईंनी वाचली. ‘माझ्या नवऱ्याला खुनी केलंस. छापलीस तर संबंध संपला,’ म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने वाचून हस्तलिखित कपाटात ठेवलं, त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. भुताची गोष्ट आहे, नावं बदलली आहेत, मग एवढं का लागावं? छापू की नको? टोपणनाव घेऊ? की दिराचं पात्रच काढून टाकू?

*

ताई,

पत्रासोबत तुम्ही पाठवलेली तीन प्रकरणं वाचली. दुसऱ्या प्रकरणात रांगेतली शेवटची बाई पुढच्याचा हात धरून चालतेय आणि अगदी साध्या आवाजात विचारते, ‘माझा दुसरा हात कुणी धरलाय?’ या जागी मी कागद खाली ठेवले आणि घरातले सगळे कुठे आहेत ते एकदा बघून आले. तुम्हाला लिहिता येतं. शाळेतल्या बाई असून भुताखेतांचं लिहिते म्हणून लोक काय म्हणतील, असंही तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय. ती काळजी आजच सोडा. दिवाळी अंकात भयकथा दिसली की आधी तेच पान उघडणारे वाचक मराठीत पूर्वी होते, आजही आहेत, आणि त्यात मुख्याध्यापकही असतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. भुताची गोष्ट आहे, मग एवढं का लागावं?

कारण जाऊबाईंनी त्यातलं भूत वाचलंच नाही. भूत खोटं असतं हे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत असतं, म्हणून तो ते मनातल्या मनात वजा करतो. तुमच्या कादंबरीतून आठवा माणूस वजा करून बघा. एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या बापाला डोंगरावर टाकून खाली येतो, एवढंच उरतं. वर मुखपृष्ठावर ‘सत्य घटनेवर आधारित’ छापलं तर अनोळखी वाचकसुद्धा हीच वजाबाकी करणार. तुमच्या नातेवाइकांना तर तेवढेही कष्ट नाहीत.

नावं बदलली म्हणता. दिरांचं नाव बदललंय, पण पहिल्या पंचवीस पानांत ते चार वेळा ‘फक्त दहा मिनिटं राहिली’ म्हणतात. ही लकब खऱ्या दिरांची आहे हे तुम्हीच पत्रात हसत हसत सांगितलंय. लाल हेडटॉर्च तीच, गुडघ्याला बांधलेली क्रेप बँडेज तीच, बापाला ‘अप्पा’ म्हणणंही तेच. नाव बदलून माणूस लपतो तो परक्यांपासून, आणि परके त्याला मुळात ओळखतच नव्हते. हे फक्त तुम्हाला नाही सांगत. घरच्या माणसांवर कविता, आत्मकथन, एकांकिका लिहिणाऱ्यांची पत्रं या सदराकडे नेहमी येतात आणि ‘नाव तर बदललंय की’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकात असतं. माणूस ओळखू येतो तो बोलण्यावरून, सवयींवरून आणि घरात कोण कुणाच्या शेजारी बसतं त्यावरून.

म्हणजे जाऊबाईंचं सगळं बरोबर, असं मी म्हणत नाही. ‘छापलीस तर संबंध संपला’ ही धमकी आहे, आणि धमकीला घाबरून पुस्तक कपाटात घालणं मला पटत नाही. पण त्यांचं दुखणं खरं आहे. ते कुठे आहे हे नीट पाहिलंत तर पुढचा रस्ता पुष्कळ सोपा होईल, असं मला वाटतं.

तुमच्या पत्रातल्या घटना पुन्हा वाचा. त्या रात्री कुणीही कुणाला सोडून गेलं नव्हतं. दीर वाट शोधायला गेले आणि परत आले. ते जाणं चुकीचं होतं, यात शंका नाही. अंधारात, धुक्यात गट तोडायचा नाही, हे ट्रेकला जाणाऱ्या कुणालाही पहिल्याच पावसाळ्यात शिकवतात. बचाव पथकांची माणसंही हेच घोकून सांगतात की वाट चुकल्याचं कळलं की आहात तिथे थांबा, शोधणाऱ्यांना एकाच जागी सापडा. दिरांनी दोन्ही नियम मोडले. पण ते गेले घाबरलेल्या सहा माणसांना खाली न्यायला. कादंबरीत ते जातात ते स्वतःचा जीव वाचवायला, आणि परत येताना बापाच्या जागी बसलेलं भलतंच काही हाताला धरून आणतात. सोडून जाणं हा भाग तुमच्या कल्पनेतला आहे. कल्पना करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न इतकाच की अकरा वर्षं घरात सगळ्यांच्या मनात असलेला आणि एकदाही न उच्चारलेला आरोप तुम्ही उच्चारलात, तोही एकाच माणसावर.

इथे मला तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुमच्यासमोर ठेवायचंय. ते तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. गावातल्या शेवटच्या घराच्या ओट्यावर बसलेले म्हातारबाबा म्हणाले होते, ‘आता वर जाऊ नगासा, धुकं उतरंल.’ दीर पुढे निघून गेले होते. तुम्ही लिहिता, ‘मी मुलाच्या बुटाची नाडी बांधत होते. मला ऐकू आलं होतं, पण म्हटलं भाऊजींना माहीत असेल.’

यात तुमचा गुन्हा शोधायचा नाहीये मला. सासरे सोबत, नवरा सोबत, दीर म्होरके, आणि सुनेने मागून हाक मारून म्हणायचं की चला परत फिरू. असं म्हटलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं हे आपल्या घरांत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण तुमची कादंबरी या क्षणाचं काय करते बघा. तो म्हातारा पहिल्या प्रकरणात आहे, मात्र तो काही सांगतच नाही. त्याच्या एका डोळ्यात फूल पडलंय, तो ओट्यावरून सात माणसं मोजतो आणि हसतो. इशारा गायब. म्हणजे तो ऐकणारीही गायब. उरली ती दिरांची मुजोरी आणि गावकऱ्याचं अघोरी हसू. सगळं पाप दोन खांद्यांवर वाटलं गेलं आणि निवेदिका हलकी होऊन गडावर चढली.

साहित्य म्हणूनही मला ही कच्ची जागा वाटते. भयकथेतली सगळ्यात भीतिदायक बाई कोण? जिला माहीत होतं ती. निवेदिकेला इशारा ऐकू आलाय, ती गप्प राहिलीय आणि पुढची दोनशे पानं ती कुणालाच ते सांगत नाही. धुक्यात आपला दुसरा हात कुणीतरी धरलाय हे तिला कळतं तेव्हा तो कुणी धरलाय याचा अंदाजही तिला एकटीलाच आहे. अशी कादंबरी मी एका बैठकीत वाचेन. आणि गंमत म्हणजे हीच कादंबरी तुमच्या दिरांवर कमी अन्याय करेल, कारण त्यात सातही जणांच्या वाट्याला काही ना काही येईल. घाई एकाची, गप्प बसणं दुसऱ्याचं, ‘जाऊ दे, आलोच आहोत तर’ म्हणणं तिसऱ्याचं, आणि ‘मला चालवेल रे’ म्हणणारे स्वतः अप्पा. डोंगरातला अपघात बहुतेक वेळा असाच घडतो. एकाच माणसाच्या एकाच चुकीने तो क्वचितच होतो. उशिरा निघणं, संपत आलेली बॅटरी, ढोरवाटेला पायवाट समजणं, ‘मागे फिरू’ म्हणायची लाज, हे एकावर एक चढत जातं. हरिश्चंद्रगडावर तोलार खिंडीतून वर आल्यानंतर देवळापर्यंतच्या टेकाडांमध्ये धुक्यात वाट हरवणाऱ्यांना विचारा. कुठल्या एका वळणावर चुकलो हे त्यांना धड सांगता येत नाही.

इंद्रवज्र तुमच्या कादंबरीत कसं नाही याचं मला नवलच वाटलं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी पाठीमागे सूर्य आणि खाली दरीत धुकं असलं की आपलीच लांबलचक सावली धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं दिसतं. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावर ते पाहिल्याची नोंद ट्रेकर मंडळी आवर्जून सांगतात. त्यातली कथाकाराच्या कामाची गोष्ट अशी की कड्यावर सात जण ओळीने उभे असले तरी प्रत्येकाला ते कडं फक्त स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती दिसतं. शेजाऱ्याची सावली नुसतीच काळी. सकाळी धुकं विरत असताना तुमचे सात जण कड्यावर उभे आहेत आणि प्रत्येक जण म्हणतोय की वलय माझ्याच डोक्याभोवती आहे. हा प्रसंग तुम्ही लिहा, मी फक्त सुचवतेय.

चकव्याचंही तसंच. तुम्ही तिसऱ्या प्रकरणात चकवा आणलाय, पण तो नुसता गोल फिरवतो. आपल्याकडे चकव्यावरचा जुना उतारा काय सांगतात? जागीच बसायचं आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. बचाव पथकवाल्यांचा सल्ला अक्षरशः हाच आहे. यामागे शरीराचंही कारण आहे. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना घनदाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात चालायला लावलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की, सरळच चालतोय अशी खात्री असूनही, माणसं वळत वळत आपल्याच आधीच्या वाटेवर येत होती. म्हणजे तुमच्या गावातल्या म्हाताऱ्याला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे ते खरंच आहे. असं असताना त्याला एका डोळ्याचा अघोरी बाबा करायचं?

यावर माझं मत जरा कडक आहे, राग मानू नका. अकोले, जुन्नर, मुरबाडकडच्या डोंगरांत पायथ्याच्या वाड्यांमधून राहणारे महादेव कोळी आणि ठाकर आपल्या शहरी भयकथांमध्ये नेहमी एकाच कामाला येतात. करणी करायची, नवसाला माणूस बळी द्यायचा आणि शहरातून आलेल्या कुटुंबाकडे रोखून बघायचं. प्रत्यक्षात शहरातलं कुटुंब हरवलं की पोलीस आणि पथकं पोचायच्या आत कंदील-बॅटऱ्या घेऊन हीच माणसं निघतात. तुमच्या सासऱ्यांना झोळीतून कुणी उतरवलं? तुम्ही लिहिलंय की दोन तरुण अनवाणी होते, एकाने स्वतःची घोंगडी दिली आणि ती रक्ताने भरली तरी परत मागितली नाही. ती घोंगडी कादंबरीत कुठेच नाही. ती आणा. गडाचं आणि गावाचं खरं नावही काढा आणि तिथल्या देवाला तुमच्या भुताचं घर करू नका. सह्याद्रीत न सापडणारा एक गड तुम्ही सहज रचू शकाल. नाळ, घसारा, कारवीचं रान, शेवाळलेल्या कातळातल्या खोदीव पायऱ्या, गार पाण्याची टाकी, हे सगळं तुम्हाला डोळ्यांसमोर दिसतंय. आणि धुक्यात टॉर्च लावली की समोर पांढरी भिंत उभी राहते आणि प्रकाशामुळे उलट कमीच दिसतं, ही ओळ तर फक्त तिथे रात्र काढलेलं माणूसच लिहू शकतं.

टोपणनावाचा उपयोग शाळेतल्या सहकाऱ्यांपासून लपण्यापुरता होईल, घरात मात्र शून्य, कारण घरात सगळ्यांना आधीच कळलंय. शिवाय पहिलंच पुस्तक आहे, त्यावर तुमचं नाव असावं असं मला मनापासून वाटतं. दिराचं पात्र काढून टाकणं हा रागाने काढलेला तोडगा आहे. त्याच्याशिवाय तुमची गोष्ट उभी राहत नाही. पुस्तक आहे तसं छापण्याच्या मी विरोधात आहे. निम्मं कारण नात्याचं, निम्मं असं की ते अजून पूर्ण झालेलं नाही. आणि न छापता ठेवून देणं? तेही नको. ज्या रात्रीविषयी घरात अकरा वर्षं कुणी बोललं नाही, ती रात्र पुतणीने वाचली आणि तिला आवडली. तिचं ते आवडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ती तेव्हा सात वर्षांची होती. त्या रात्री काय झालं हे तिला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

तेव्हा पुन्हा लिहा. सहा महिने लागतील, लागू देत.

दरम्यान घरच्या आघाडीवर. सगळ्यांची परवानगी घेऊन कादंबरी लिहिता येत नाही, तसं करायला गेलात तर सात जणांच्या सात दुरुस्त्या येतील आणि शेवटी गडावर छान सहल होऊन सगळे भजी खाऊन घरी येतील. पण न विचारणं वेगळं आणि न कळवणं वेगळं. जाऊबाईंना हे पुस्तक लेकीच्या मोबाइलवर सापडलं. त्यातल्या मजकुराइतकाच हा सापडण्याचा प्रकारही त्यांना लागला असणार.

सगळ्यात आधी नवऱ्याशी बोला. पत्रात तुम्ही जाऊबाईंवर दोन पानं लिहिलीत आणि नवऱ्याच्या गप्प बसण्यावर दोन ओळी. वडील त्यांचे गेले, ताई. तुम्ही त्यांच्या वडिलांच्या जागी काहीतरी भलतं घरी आणून बसवलंत, आणि खरे वडील कुठे तर वर थंडीत एकटे. एखाद्या मुलाने हे वाचून हस्तलिखित कपाटात ठेवलं तर ते नापसंतीने ठेवलं असं मी लगेच धरणार नाही. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, त्यावर ‘बरी आहे’ एवढंच मिळेल. ‘अप्पांचं शेवटचं प्रकरण वाचताना तुम्हाला काय झालं?’ असं विचारा, तेही जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको. आणि त्या दोन वर्षांत अप्पा खरंच बदलले होते का, हेही विचारा. अंथरुणाला खिळलेला माणूस चिडचिडा होतो, गप्प होतो, कधी ओळखीचा वाटेनासा होतो. ‘परत आलेले आजोबा हे आजोबा नाहीत’ ही कल्पना तुम्हाला धुक्यातून सुचली असं मला वाटत नाही. ती घरातल्या त्या पलंगाजवळून आली असावी. कदाचित तुमच्या नवऱ्यालाही ते वाचताना कळलं असेल.

मुलगाही आता मोठा आहे आणि तोही कादंबरीत आहे. त्याचं काय म्हणणं आहे हे पत्रात कुठेच नाही. त्यालाही विचारा.

आता प्रकाशक. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही ओळ मान्य करू नका. 2024 च्या जूनअखेरीस लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब लोंढ्यात अडकून वाहून गेलं, ते अख्ख्या महाराष्ट्राने फोनवर पाहिलं. ‘मुलांना घेऊन तिथे गेलेच कशाला’ हे बोलायला लोकांनी किती वेळ घेतला? मुखपृष्ठावरची ती ओळ वाचकाला नेमकं हेच करायला बोलावते. तिच्यामुळे प्रती जास्त खपतीलही, पण त्याची किंमत प्रकाशक मोजणार नाही, तुमचे दीर मोजतील. शिवाय आतल्या पानावर ‘सर्व पात्रे व घटना काल्पनिक’ आणि बाहेर ‘सत्य घटना’, हा विनोद कायद्यापुढे फारसा टिकायचा नाही. मी वकील नाही, पण एवढं जरूर सांगते की भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमातल्या बदनामीच्या व्याख्येत दिवंगत व्यक्तीवरचं लिखाणही येऊ शकतं, जर ते तिच्या लौकिकाला बाधा आणणारं आणि घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेलं असेल तर. तुमच्या घरातून कुणी कोर्टात जाईल असं मला वाटत नाही. पण माणूस सहज ओळखू येत असेल तर ‘काल्पनिक’ हा शब्द चिलखत होत नाही, हे प्रत्येक नवलेखकाला माहीत असावं.

प्रती विकत घ्यायची अट मराठीत नवीन नाही आणि प्रत्येक वेळी ती फसवणूकच असते असंही नाही. पण ती किती प्रतींची, किती सवलतीने, आणि एकूण किती प्रती छापणार, हे सगळं लेखी घ्या. करारात हक्क किती वर्षांसाठी देताय ते लिहून घ्या. मुदत लिहिलेली नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते, पण छापील करारात बहुधा कुठेतरी ‘कायमस्वरूपी’ दडलेलं असतं, ते शोधा. भयकथेच्या बाबतीत ऑडिओचे आणि चित्रपट-वेबसीरिजचे हक्क वेगळे ठेवा, ते पुस्तकाच्या हक्कांसोबत सहज जाऊ देऊ नका. मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर आणि जाहिरात तुमच्या संमतीशिवाय छापायची नाही, हे कलम घातल्याशिवाय सही नको. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, हे नम्रपणे सांगा. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिचे अर्ज कधी मागवतात, पानांच्या अटी काय, ते मंडळाकडून समजून घ्या. सहा महिने थांबायचंच आहे तर या बाजूनेही प्रयत्न होऊन जाईल.

शेवटी एक माणूस राहतो. तुमचं सात पानी पत्र मी दोनदा चाळलं, पण दिरांनी स्वतः कादंबरी वाचल्याचं कुठेच नाही. त्यांच्या वतीने जाऊबाई रागावल्यात, त्यांच्या वतीने तुम्ही त्यांना गुन्हेगार ठरवलंय, आणि तो माणूस तासभर अंधारात काय करत होता हे अकरा वर्षांत त्याला कुणी विचारलेलं नाही. नवीन खर्डा झाला की त्याची एक प्रत काढा आणि त्यांच्या हातात स्वतः नेऊन द्या, जाऊबाईंमार्फत नको. सोबत सांगा की लकबी, लाल टॉर्च, ‘अप्पा’ ही हाक, हे काढलंय. बुटाच्या नाडीचा प्रसंग घातलाय, तो माझा आहे. वाचून त्यांनी एखादी ओळ काढायला सांगितली तर ती कुठली आहे ते बघा. बहुतेक वेळा माणसं अख्ख्या पुस्तकाला नाही म्हणत नाहीत. एखादा परिच्छेद त्यांना सहन होत नसतो, आणि तो काढून पुस्तक मोडत नाही. सगळ्यालाच नाही म्हणाले, तर माझ्या मते इतके बदल केलेली कादंबरी छापायचा हक्क तुमच्याकडे उरतो. त्या स्थितीत वर्षभर थांबून छापा, आणि कधी छापताय ते त्यांना आधी सांगा.

नाव मात्र बदलू नका. ‘आठवा’च ठेवा.